मोठ्या टाक्या, जुने पूल आणि कोयनेचा रस्ता

कऱ्हाडहून चिपळूणकडे जाणारा रस्ता मल्हारपेठ आणि पाटण मागे टाकून कोयना नदीच्या काठाकाठाने वर चढत जातो. महाबळेश्वरहून दक्षिणेकडे वाहत आलेली कोयना हेळवाकपाशी एकदम पूर्वेकडे वळते. रस्ता तेथेच नदीची साथ सोडतो आणि कुंभार्ली घाटाने पोफळी, अलोरे या गावांकडे कोकणात उतरतो. आज याच रस्त्याला गुहागर-विजापूर राष्ट्रीय महामार्ग म्हणतात. नाव मोठे झाले तरी घाटातील वळणे तीच आहेत. एस.टी. गाडी आणि समोरून आलेला उसाचा ट्रक यांची गाठ पडली की दोघांपैकी एकाने मागे सरावयाचे, हा प्रवाशांचा नेहमीचा अनुभव.

अशा रस्त्याने एखादी पाच मीटर व्यासाची पोलादी टाकी न्यावयाची झाली तर काय होईल? प्रश्न काल्पनिक वाटेल. परंतु कोयनानगरच्या परिसराला तो नवा नाही. गेल्या सत्तर वर्षांत महाराष्ट्रातील काही अत्यंत अवजड यंत्रसामग्री याच डोंगररांगेत आणून बसविण्यात आली. यापुढेही ती येणार आहे. त्या वाहतुकीचा खर्च कोण सोसतो आणि कोणी सोसावा, याचा विचार मात्र आपल्याकडे फारसा झालेला नाही.

मुळात टाक्या एवढ्या मोठ्या का करतात, येथून आरंभ केला पाहिजे. त्याचे उत्तर शाळेतील भूमितीत आहे. वाटोळ्या टाकीचा व्यास दुप्पट केला आणि लांबी तीच ठेवली, तर तिच्या भिंतीला लागणारा पत्रा दुप्पट होतो. आत मावणारा द्रव मात्र चौपट होतो. उद्योगांच्या अर्थशास्त्रात यावरून एक ढोबळ नियम रूढ झाला आहे. त्याला सहा-दशांशाचा नियम म्हणतात. साठवणक्षमता दुप्पट केली की खर्च दुप्पट होत नाही, तो साधारणपणे दीडपट होतो. मळी साठविणारा साखर कारखाना, इथेनॉल गाळणारी आसवनी, सिमेंट साठविणारा सायलो, दुधाची डेअरी, सर्वांना हाच नियम मोठ्या आकाराकडे ओढतो. उच्च दाबाच्या पात्रांचे गणित थोडे वेगळे आहे. तेथे व्यास वाढला की पत्र्याची जाडीही त्याच प्रमाणात वाढवावी लागते आणि पोलादातील बचत पुष्कळशी नाहीशी होते. साध्या दाबाच्या टाक्यांना हा अडसर नाही. कारखानदाराच्या वहीत मोठी टाकी नेहमीच स्वस्त दिसते.

ती स्वस्त दिसते, कारण त्या वहीत रस्ता नसतो.

मोटार वाहनांच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे रस्त्यावरील वाहनाची रुंदी २.६ मीटरहून अधिक असता कामा नये. ज्या टाकीचा व्यास यापेक्षा जास्त, ती ट्रेलरवर चढविली की नियमाबाहेर जाते. वाहतुकीच्या धंद्यात अशा मालाला ‘ओडीसी’ म्हणतात. त्यासाठी खास परवाना घ्यावा लागतो. उंचीचा प्रश्न तर अधिकच बिकट. चार मीटर व्यासाची टाकी बुटक्यातल्या बुटक्या ट्रेलरवर ठेवली तरी तिचा माथा जमिनीपासून पाच मीटरवर जातो. विद्युतीकरण झालेल्या लोहमार्गाच्या फाटकावर मात्र सुमारे ४.६७ मीटर उंचीची आडवी चौकट उभी असते. गावातून गेलेल्या विजेच्या तारांची उंची तर लाइनमनच्या मर्जीवर आणि खांबाच्या वयावर अवलंबून असते. टाकी न्यावयाची म्हणजे पुढे एक जीप, जीपमध्ये बांबू घेतलेला माणूस, त्यामागे वीज कंपनीचा कर्मचारी, त्यामागे पोलिसांची गाडी आणि सर्वांच्या मागे ताशी पाच-दहा किलोमीटरने सरकणारे ते धूड, अशी मिरवणूक निघते. ज्या गावात ती पोचते तेथील वीज तेवढा वेळ बंद. परीक्षेच्या दिवसांत ती रात्री पोचली तर कंदिलाची सोय ज्याने त्याने पाहावी.

हा प्रकार आपल्याच देशाच्या वाट्याला आलेला नाही. २०११ च्या जानेवारीत कॅनडातील हॅमिल्टन बंदरात उतरलेल्या सहा प्रचंड टाक्या टोरांटोच्या एका मद्यनिर्मिती कारखान्यात न्यावयाच्या होत्या. अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. रात्रीच्या वेळी, वाटेतील तारा उचलीत किंवा बाजूला करीत त्या नेण्यात आल्या, आणि तरीही ठरल्यापेक्षा जास्त रात्री लागल्या. आपल्याकडील उदाहरण याहून बोलके आहे. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी तयार झालेले सुमारे सत्तर टनांचे एक यंत्र जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून ७४ चाकांच्या वाहनावर निघाले. ते जुलै २०२० मध्ये पोचले. अंतर सुमारे १,७०० किलोमीटर, म्हणजे सरासरी काढली तर दिवसाला पाच किलोमीटरही नाही. टाळेबंदीमुळे काही काळ गेला हे खरे. परंतु केवळ टाळेबंदीने वर्ष लागत नाही. वाटेतील पूल, तारा, वळणे आणि राज्याराज्यांचे परवाने यांनीच बहुतेक वेळ खाल्ला.

आता कोयनेकडे वळू. १९५४ च्या सुमारास कोयना प्रकल्पाचे काम सुरू झाले आणि १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत विद्युतगृहातून वीजनिर्मितीला आरंभ झाला. त्या काळची परिस्थिती आज ध्यानात घेणे कठीण जाते. कोकणात रेल्वे नव्हती; ती पूर्णपणे सुरू होण्यास १९९८ साल उजाडावे लागले. देशावरच्या बाजूला पुणे-मिरज लोहमार्ग होता, पण तो मीटरगेज. मुंबई बंदरातून ब्रॉडगेजने आलेला माल पुण्यास उतरवून पुन्हा लहान डब्यांत चढवावा लागे. कऱ्हाड स्थानकापासून धरणापर्यंत उरलेले पन्नास-साठ किलोमीटर रस्त्यानेच. परदेशातून जहाजाने मुंबईस उतरणाऱ्या यंत्राचा सर्वात मोठा भाग किती मोठा असावा, हे अशा वेळी यंत्राच्या रचनेपेक्षा वाटेतील सर्वात अरुंद जागेवरून ठरते. भूमिगत विद्युतगृहाच्या बाबतीत त्या अडथळ्यांच्या मालिकेत आणखी एका अडथळ्याची भर पडते, ती म्हणजे डोंगराच्या पोटात जाणाऱ्या बोगद्याची. मुंबईच्या धक्क्यावरून जे सुटले ते बोगद्याच्या तोंडाशी अडकून चालत नाही.

जलविद्युत अभियंत्यांनी या अडचणीवर फार पूर्वी जो तोडगा काढला, तो कारखानदारांनी अभ्यासावा असा आहे. पाणी टर्बाइनपर्यंत नेणाऱ्या प्रचंड व्यासाच्या पोलादी नळ्या ते तयार स्थितीत आणीत नाहीत. सपाट पत्रे आणतात आणि जागेवरच वाकवून जोडतात. सपाट पत्रा साध्या ट्रकमधून येतो. त्याच्यासाठी कोणाची वीज बंद होत नाही, घाट अडत नाही. धान्याचे आणि सिमेंटचे पुष्कळ सायलो आज नटबोल्टांनी जोडलेल्या पत्र्यांचे असतात, तेही याच विचाराने. जागेवर जोडकाम करण्याचा खर्च अधिक येतो, कुशल वेल्डर तेथे मुक्कामाला न्यावे लागतात, तपासणी अवघड होते. हे सर्व आक्षेप खरे आहेत. काही पात्रे तर भट्टीत तापवून, क्ष-किरणांनी तपासूनच बाहेर पाठवावी लागतात. ती कारखान्यातच बनविली पाहिजेत. परंतु अनेक टाक्या केवळ ठेकेदाराला सोयीचे म्हणून अखंड आणल्या जातात. तेथे जागेवरील जोडकामाचा जादा खर्च आणि अखंड टाकी नेण्याचा खरा खर्च यांची तुलनाच होत नाही. एक खर्च कारखान्याच्या हिशेबात पडतो, दुसरा पाटणच्या बाजारपेठेत उभ्या असलेल्या माणसाच्या.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्ये ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील भेद मांडला, तो महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना पाठ असतो. आगगाडीच्या ठिणग्यांनी शेजारच्या शेतातील पीक जळते, पण त्याची भरपाई रेल्वेला द्यावी लागत नसेल तर रेल्वेचा हिशेब खोटा ठरतो. पुस्तकातील ठिणगी पाहावयास कोठे लांब जाण्याचे कारण नाही. परवान्याची फी मालाच्या वजनमापावरून घेतली जाते. घाटात तीन तास खोळंबलेल्या चार एस.टी. गाड्यांतील प्रवाशांचा वेळ, बंद पडलेली पिठाची गिरणी, चिपळूणहून कऱ्हाडला निघालेला आजारी माणूस, यांचे मोल त्या फीत धरलेले नसते. ते धरले असते तर कित्येक टाक्या आपोआप लहान झाल्या असत्या.

येथे एका गैरसमजाचाही उल्लेख करणे भाग आहे. रस्त्याची नासाडी या अजस्र ट्रेलरमुळे होते, अशी लोकांची समजूत असते. ते दिसतातच तसे. वस्तुस्थिती बरीच उलट आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर जे मोठे प्रयोग झाले, त्यांवरून असे आढळले की डांबरी रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. अतिअवजड मालासाठी वापरल्या जाणाऱ्या हायड्रॉलिक ट्रेलरला आसांच्या अनेक रांगा असतात. एका रांगेवर अठरा टन भार आला तरी तो आठ चाकांत विभागला जातो, म्हणजे चाकामागे सव्वादोन टन. साध्या ट्रकच्या चार चाकांच्या मागील आसाला मात्र केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये १०.२ टनांऐवजी ११.५ टनांची मुभा दिली. चाकामागे हे जवळजवळ २.९ टन झाले. चौथ्या घाताचा हिशेब केला तर या एका सवलतीने आसाच्या प्रत्येक फेरीमागे रस्त्याची झीज सुमारे साठ टक्क्यांनी वाढली. शिवाय त्या मर्यादेपलीकडे भरलेला ऊस, वाळू आणि खडी वेगळीच. वर्षातून दोनदा येणारी टाकी लोकांच्या डोळ्यांत भरते. रोज जाणारा ट्रक रस्ता खातो आणि कोणी त्याच्याकडे वळून पाहात नाही.

डांबराचे हे असे. पुलाचे मात्र तसे नाही. पूल एकूण भार पाहतो. दोन खांबांच्या मधल्या भागावर एका वेळी किती वजन आले, यावर त्याचे आयुष्य ठरते. इंडियन रोड्स काँग्रेसने पुलांच्या रचनेसाठी ३८५ टनांचे एक विशेष वाहन गृहीत धरण्याची पद्धत २०१४ च्या सुमारास आणली. असे वाहन पुलाच्या मधोमध, ताशी पाच किलोमीटरहून कमी वेगाने आणि पुलावर दुसरे एकही वाहन नसताना न्यावयाचे, ही त्यातील अट. तत्त्वतः उत्तम. परंतु तो विचार नव्या पुलांचा. साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या जुन्या रस्त्यांवरील दगडी कमानी आणि मोऱ्या बांधल्या गेल्या तेव्हा बैलगाडी आणि फार तर लहान मोटारलॉरी एवढेच बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्यांसह अनेकांचा बळी गेला. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणजवळ वाशिष्ठीवरील जुन्या पुलालाही भगदाड पडले. दोन्ही ठिकाणी कारण पाणी होते, अवजड ट्रेलर नव्हे. तरीही जुन्या पुलाच्या पायाखाली काय चालले आहे हे अपघातापूर्वी कोणाला कळत नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते. अशा पुलावरून शंभर टनांचा माल नेण्याचा परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे बहुधा नकाशाही नसतो.

मुंबई किंवा न्हावा-शेवा बंदरातून साताऱ्याकडे माल यावयाचा तर वाट कोणती, हेही पाहण्यासारखे आहे. द्रुतगती मार्गावर भाताण, माडप, कामशेत असे बोगदे आहेत. उंच माल त्यांतून नेता येत नाही. खंडाळ्याजवळचा १८३० सालचा अमृतांजन पूल वाहतुकीला अडचण म्हणून एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. खंबाटकीत वर्षानुवर्षे व्यवस्था अशी राहिली की साताऱ्याहून पुण्याकडे येणारी वाहने बोगद्यातून आणि पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी उघड्या घाटातून. बंदराहून येणाऱ्या उंच मालाला हा योगायोग उपकारक ठरला. एवढे सर्व ओलांडून कऱ्हाडपर्यंत आलेल्या ट्रेलरची खरी परीक्षा मात्र पाटणच्या पुढे सुरू होते. ट्रेलरला घाट चढविताना पुढे एक आणि मागे ढकलणारे दुसरे इंजिनवाहन लावतात, ज्याला चालकमंडळी ‘पुलर’ म्हणतात. उतारावर मागचा पुलर ब्रेकचे काम करतो. वळणावर ट्रेलरचा मागचा भाग स्वतंत्रपणे वळविणारा माणूस चालतच असतो, हातात नियंत्रणाची पेटी घेऊन. या माणसांचे कौशल्य असामान्य आहे. वर्तमानपत्रात त्यांचा उल्लेख येतो तो ट्रेलर अडकल्यावर.

पाटण तालुक्याने हे सर्व दोनदा पाहिले. एकदा धरण आणि विद्युतगृहाच्या वेळी, आणि पुन्हा नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा. पवनचक्कीचा मनोरा म्हणजे तरी काय, पोलादी टाकीचेच उभे तुकडे. पाती त्याहून लांब. त्या वेळची पाती आजच्या मानाने तोकडी होती; आजच्या मोठ्या यंत्राचे पाते साठ मीटरहून लांब असते आणि त्याचे तुकडे करून ते नेता येत नाही. आता तिसरी खेप येऊ घातली आहे. सह्याद्रीत पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणारे पंप्ड स्टोरेज प्रकल्प प्रस्तावित आहेत. सातारा जिल्ह्यातील तारळीचे नाव त्यांत आहे. त्यांची टर्बाइने आणि ट्रान्सफॉर्मर कोठून तरी याच खोऱ्यात येणार.

या खोऱ्याचा हिशेब आधीच बाकी आहे. शिवसागर जलाशयासाठी सुमारे शंभर गावांनी जमिनी दिल्या. कोयनेची चारही टप्प्यांसह क्षमता सुमारे १,९६० मेगावॅटवर गेली आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात येथील माणसे मेली. ज्या रस्त्याने ही यंत्रे आली तोच रस्ता या लोकांचा दवाखान्याचा, महाविद्यालयाचा आणि बाजाराचा रस्ता आहे. त्याचे रुंदीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. चिपळूण-कऱ्हाड हा सुमारे १०३ किलोमीटरचा लोहमार्ग घोषणांत आणि करारांत राहिला. जयगडसारखे खोल पाण्याचे बंदर रत्नागिरी जिल्ह्यात २००९ पासून चालू आहे. मुंबईस उतरून चारशे किलोमीटरची प्रदक्षिणा घालणारा माल तेथे उतरला तर कोयनेपासून कितीतरी जवळ येईल, पण मधला कुंभार्ली घाट जोवर आहे तसा आहे तोवर ती जवळीक नकाशापुरतीच राहते. घाट रुंद करावयाचा की नाही, हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. जुलै २०२१ मध्ये मिरगाव, आंबेघर, ढोकावळे येथे डोंगर खाली आले आणि घरेच्या घरे गाडली गेली. त्या डोंगरांना सुरुंग लावताना अभियंत्याने दहा वेळा विचार करावा.

रुंदीकरणाची वाट न पाहता करता येण्याजोगे काही आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३५ मध्ये धनंजयराव गाडगीळ आणि गोगटे यांनी केलेली मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली होती. मोटार नवीन होती आणि तिचा हिशेब लागला पाहिजे, अशी त्या काळच्या अभ्यासकांची वृत्ती होती. अवजड मालाच्या वाहतुकीची तशी पाहणी आज व्हावयास हवी. बंदरापासून कारखान्यापर्यंत किती माल गेला, किती तास रस्ता बंद राहिला, किती वेळा वीज तोडली, याची नोंद परवान्याच्या कागदाबरोबरच ठेवता येईल. परवान्याच्या फीत थांबलेल्या तासांचा आकार असावा, आणि त्यातील वाटा त्या त्या तालुक्याच्या रस्त्याकडे जावा. जागेवर जोडता येणारी टाकी अखंड का आणीत आहात, याचे उत्तर अर्जदाराने लेखी द्यावे. ट्रेलर कोणत्या रात्री कोणत्या गावातून जाणार, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आठ दिवस आधी लागावे, एस.टी. आगाराला आणि दवाखान्यांना कळविलेले असावे. जून ते सप्टेंबर या काळात कुंभार्लीतून असा माल नेऊच नये. कारखानदार म्हणतील की यामुळे प्रकल्प लांबेल. लांबू द्यावा, पावसाळा कोणत्या महिन्यात येतो हे त्यांना मागणी नोंदवितानाच ठाऊक असते.

आणि सर्वांआधी मोजमाप. कऱ्हाड ते चिपळूण या अंतरातील प्रत्येक पुलाचे आणि मोरीचे वय, रुंदी व पेलण्याची शक्ती, प्रत्येक वळणाची त्रिज्या, रस्त्यावरून गेलेल्या प्रत्येक तारेची उंची, हे एका तक्त्यात मांडून तो तक्ता कोयनानगरच्या आणि पाटणच्या सरकारी कार्यालयांत लोकांना पाहता येईल असा लावावा. दोन अभियंते, चार मदतनीस, एक टेप आणि एक उन्हाळा, एवढ्यात हे काम होण्यासारखे आहे. नव्या प्रकल्पांची पहिली खोकी बंदरात उतरण्यापूर्वी असे उन्हाळे अजून शिल्लक आहेत.